शिवलेला अर्ज

बाइंडरबाईंना मी 'चांगला ओळखतो' असं एकदा सरकारी कागदावर लिहून दिलं होतं. खाली सहीसुद्धा केली होती. ते खरं नव्हतं. बावीस वर्षं मी वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे नेली आणि धड झालेली परत आणली. पण त्यांना भावंडं किती, त्या कितवीपर्यंत शिकल्या, त्यांना गोड आवडतं की तिखट, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. बहुतेक आजही नाही. वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी चिटणिसांनी लेख मागितला तेव्हा मी दोन महिने टाळाटाळ केली. चाळीस वर्षं पुस्तकांत काढली तरी मी लिहिणारा माणूस नव्हे, पुस्तकांवर क्रमांक घालणारा. शेवटी वाटलं, आयुष्यात ज्या एका माणसाबद्दल चार ओळी लिहिल्या, त्याच माणसाबद्दल पुन्हा लिहावं. जमलं तर जमलं.

बाईंचा कारखाना छापखान्यांच्या गल्लीत तळमजल्यावर होता. कारखाना म्हणजे एकामागे एक अशा दोन खोल्या. पुढच्या खोलीत पत्रा ठोकलेलं लांब टेबल, त्यावर दोऱ्याची रिळं, दाभणं, मेणाचा गोळा आणि खळीचं पातेलं. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, त्यामुळे पातेल्याच्या कडेला निळसर पापुद्रा धरलेला असे. मागच्या खोलीत कागद कापायचं मशीन होतं. त्या खोलीत मशीन होतं म्हणण्यापेक्षा मशीनभोवती खोली होती म्हणणं बरं. माणसानं आत जायचं तर पोट आत घेऊन.

बाई उंच, किडकिडीत. चष्म्याला बाइंडिंगचाच मेण लावलेला दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. बोलणं मोजकं. पुस्तक टेबलावर ठेवलं की उघडून पाठ बघायच्या, एकदा हुंकार द्यायच्या आणि "शुक्रवारी" म्हणायच्या. कुठल्याही वारी पुस्तक द्या, उत्तर शुक्रवारीच.

बोलण्याची कसर त्यांची थोरली बहीण भरून काढायची. या ताई खिडकीपाशी खुर्चीत बसून छापलेल्या कागदांच्या घड्या घालत. गुडघे गेलेले होते, पण हात आणि तोंड शाबूत. दिवसाला दीड-दोन हजार घड्या घालायच्या आणि तितकीच वाक्यं. मला त्या 'लायब्ररीवाले' म्हणत. मी आलो की म्हणायच्या, "या लायब्ररीवाले, बसा. आमची धाकटी काही बोलायची नाही, मीच विचारते, कसे आहात?" आणि मी सांगायच्या आधीच दुसरं काही सुरू करायच्या. मला ते सोयीचं पडे.

बाईंना एक खोड होती, ती इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं. त्यांना सुटा कागद बघवत नसे. विजेची बिलं, ताईंच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पाणीपट्टी, दुकानदारांच्या पावत्या, वर्ष संपलं की सगळं शिवून, पुठ्ठा घालून, तिन्ही बाजूंनी कापून फळीवर उभं. ताईंच्या गुडघ्यांचे तीन खंड होते. ताई म्हणत, "मी मेले तर माझ्यावरही कापड चढवून पाठीवर नाव घालेल ही."

आता मिस्त्रींबद्दल. हे मिस्त्री मशीनच्या कंपनीचे, परदेशात राहणारे. जुनं मशीन मोडीत काढून बाईंनी नवं घेतलं तेव्हा ते बसवायला कंपनीनं त्यांना पाठवलं होतं. काम तीन दिवसांचं. पण एक भाग वाटेत अडकला आणि मिस्त्री अकरा दिवस राहिले. माणूस सहा फुटांचा, हात फावड्यासारखे. त्यांची आई आपल्याकडची. त्यामुळे भाषा येत होती, पण घरात बोलणारी आई एकटीच, तेव्हा जी शिकले ती आईचीच. एवढा दांडगा माणूस घाम पुसत "अगं बाई, किती दमले मी" म्हणाला तेव्हा ताईंच्या हातातला कागद गळून पडला होता. बाईंनी मात्र त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. ताई दुरुस्त करायला गेल्या तर बाई म्हणाल्या, "राहू दे. कळतंय ना."

अकराव्या दिवशी मिस्त्री गेले. पुढच्या रविवारी चार वाजता फोन आला, मशीन बरं चालतंय का. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. वाचनालयाला रविवारी सुट्टी असे, म्हणून मी पुस्तकं त्याच दिवशी घेऊन जायचो, आणि हे फोन मी येता-जाता ऐकले आहेत. म्हणजे बाईंची बाजू. "हो, चालतंय... पातं ठीक आहे... हो, तेल घातलं." दोन वर्षं असं चाललं. मग एकदा ताई घडी घालता घालता म्हणाल्या, "काय हो लायब्ररीवाले, माणसाच्या तब्येतीची इतकी चौकशी होत नाही हो. मशीनचं बाळंतपण आहे का काय?" तेव्हा मला उजाडलं. मी तसा मंदच.

सहा वर्षांनी मिस्त्री निवृत्त झाले. म्हणजे आता कंपनी पाठवणार नव्हती. यायचं तर पर्यटक म्हणून, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. अर्ज त्यांनी तिकडे भरायचा, पण बोलावणाऱ्यानं इकडच्या कचेरीत वेगळा अर्ज द्यायचा, पुरावे जोडायचे. इकडून होकार गेला तर तिकडे शिक्का. बाईंनी हा अर्ज कोणाला न विचारता, न दाखवता एकटीनं भरला. त्यात एक रकाना होता, 'येणाऱ्या व्यक्तीशी आपले नाते'. बाईंनी लिहिलं, 'आमच्या मशीनचे मिस्त्री'.

महिन्याभरानं नकार आला. कामासाठी येणाऱ्यांनी पर्यटक व्हिसा मागू नये, असं त्यात लिहिलं होतं. ताईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि बहिणीकडे बघून म्हणाल्या, "त्यांची काय चूक? मशीनचा मिस्त्री येणार तो मशीन दुरुस्त करायलाच ना? की फिरायला? अगं, सहा वर्षं रविवार-रविवार काय मशीनला अंगाई म्हणत होतीस?" बाई दाभणात दोरा ओवत राहिल्या. दोरा तीन वेळा चुकला, ते मी पाहिलं.

त्यानंतर चार दिवसांनी बाई माझ्या घरी आल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभ्या. हातात नव्या अर्जाचे कागद. दुसऱ्यांदा अर्ज करता येतो, पण नातं सिद्ध करावं लागतं, आणि दोघांना ओळखणाऱ्या एका जबाबदार माणसाचा दाखला लागतो, असं त्यांनी सांगितलं. पुढचं बोलताना त्या माझ्या दाराच्या कडीकडे बघत होत्या.

"सर, तुम्ही लिहून द्याल का, की हे खरं आहे म्हणून?"

"काय खरं आहे?" मी विचारलं. मंद म्हटलं ना.

"हेच," त्या म्हणाल्या. मग कडीवरून नजर न हलवता, "मिस्त्री एकसष्टचे, मी त्रेपन्नची. आता नाही आले तर आम्ही फोनवरच म्हातारे होणार."

मी हो म्हटलं आणि त्या गेल्यावर हातपाय गाळून बसलो. तो दाखला लिहायला मला अकरा दिवस लागले. वाचनालयात नमुना पत्रांचं एक पुस्तक होतं, त्यातून शेवटी उतरवून काढला. 'सदर महिलेस मी गेली बावीस वर्षे चांगला ओळखत असून त्यांचे वर्तन उत्तम आहे.' शाळा सोडताना मुलांना देतात तसा. कागदभर मजकूर झाल्यावर सहीला जागा उरली नाही, आणि मला एरवीही सही मोठी करवत नाही, म्हणून अगदी तळाच्या कडेला बारीक अक्षरात केली.

कचेरीत जायच्या आदल्या दिवशी मी कारखान्यात गेलो, तर टेबलावर एक ग्रंथ. गडद हिरवं कापड, गोल पाठ आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत 'व्हिसा'. आत एकशे बारा पानं. अर्ज, घराचे कागद, मिस्त्रींची सहा वर्षांची पत्रं, फोनची बिलं, माझा दाखला आणि दोघांचा एकुलता एक फोटो. फोटोत एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला मिस्त्री आणि मधोमध मशीन. तिन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत कापलेल्या. ताई खूश होत्या. "सोनेरी अक्षरांत दिलाय. आता नाही म्हणायची कोणाची छाती आहे?" मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतका देखणा अर्ज मी पाहिला नव्हता.

कचेरीच्या दारावरच पहारेकऱ्यानं बाईंची पिशवी उलटी केली आणि दोन दाभणं, एक कात्री नि कटर काढून घेतलं. कुठे जाताना हे बरोबर का आणलंत, असं त्यानं विचारलं. बाईंनाही सांगता येईना; पिशवीत ते असायचंच. आत शंभरेक खुर्च्या, समोर सात खिडक्या, वर लाल आकडे. आमचा आकडा लागला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीवर चाळिशीच्या बाई होत्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. आमचा ग्रंथ त्यांनी फटीतून आत ओढायला पाहिला. तो फटीत मावेना.

"हे काय आहे?"

"अर्ज," बाइंडरबाई म्हणाल्या.

अधिकारीबाईंनी ग्रंथ दारातून मागवून घेतला, पाठ वाचली, मध्ये उघडून बोट फिरवलं. काम छान आहे, असं त्या म्हणाल्या. मग शांतपणे सांगितलं की प्रत्येक कागद सुटा लागतो, कारण तो यंत्रातून एकेक करून सरकवावा लागतो. अर्जासोबतच्या यादीत तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, 'कागद टाचू नयेत.' आम्ही टाचले नव्हते, शिवले होते. नवी तारीख घ्या, म्हणाल्या. नवी तारीख सात आठवड्यांनंतरची होती, आणि तिकडे मिस्त्रींच्या अर्जाची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

मला वाटलं, संपलं. बाईंनी मात्र विचारलं, "आज किती वाजेपर्यंत आहात?"

"एकपर्यंत. मग जेवणाची सुट्टी, आणि दुपारी ही खिडकी बंद."

बाईंनी ग्रंथ दारातून परत घेतला, खुर्चीवर बसल्या, मांडीवर ठेवला. हत्यारं पहाऱ्यावर. त्यांनी केसातली पिन काढली, दातांनी तिचं टोक सरळ केलं आणि कापड पाठीवरून सोलायला घेतलं. रात्र-रात्र बसून केलेलं काम माणूस कसं मोडतो ते मी त्या दिवशी पाहिलं. घाई नाही, राग नाही. जसं शिवलं होतं तसंच टाक्यामागून टाका उसवत गेल्या. आजूबाजूची माणसं आपले आकडे विसरून बघायला लागली. वीस मिनिटांत एकशे बारा सुटे कागद, क्रमानं. फक्त प्रत्येकाच्या कडेला चार भोकं. भोकं चालतील, असं अधिकारीबाईंनी खिडकीतूनच सांगितलं.

त्या एकेक कागद सरकवू लागल्या आणि नव्वदाव्या की एक्क्याण्णवाव्या कागदाशी थांबल्या. तो माझा दाखला होता. तळाची कड कापताना माझी सही अर्धी उडाली होती. वरच्या वेलांट्या आणि मात्रा तेवढ्या राहिल्या होत्या, खाली काही नाही. बाइंडरबाईंचा चेहरा पांढरा पडला. बावीस वर्षांत त्यांच्या हातून माझं एक अक्षर कापलं गेलं नव्हतं. मी म्हटलं, चूक माझी, मीच सही कडेला केली. अधिकारीबाईंनी घड्याळ बघितलं. बारा चाळीस.

"नवीन लिहून द्या. दाखला देणारे समोर आहेतच. एकच्या आत."

एक कोरा कागद आणि दोरीनं बांधलेलं पेन त्यांनी माझ्याकडे सरकवलं. पहिल्याला अकरा दिवस लागले होते आणि आता वीस मिनिटं होती. नमुना पत्रांचं पुस्तक नव्हतं. जुना दाखला बघून उतरवावा, तर तो आत राहिला होता आणि परत मागायची माझी हिंमत झाली नाही. मी जे लिहिलं ते मला अजून जवळजवळ पाठ आहे, कारण पुढे कित्येक दिवस मी त्याची लाज बाळगली.

'या बाईंना मी चांगला ओळखतो असे आधी लिहिले होते, ते बरोबर नाही. मला माहीत आहे ते एवढेच. कोणाचाही फोन आला की या बाई खळीच्या हाताने फोन उचलतात. त्यांच्या फोनवर खळीचे थर बसले आहेत. पण रविवारी चारला पाच मिनिटे कमी असताना त्या उठतात, साबणाने हात धुतात, चष्मा पुसून डोळ्यांवर घालतात आणि फोनजवळ जाऊन उभ्या राहतात. फोनवर बोलायला चष्मा लागत नाही. हे मी सहा वर्षांत पुष्कळ वेळा पाहिले. त्या वेळी त्या मला बसा म्हणत नाहीत. त्यांचे मिस्त्री यंत्रासाठी येत नाहीत. यंत्र सहा वर्षांत एकदाही बिघडलेले नाही.'

सही मधोमध केली, मोठी.

अधिकारीबाईंनी ते वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग चष्म्यावरून बाइंडरबाईंकडे बघून विचारलं, "सहा वर्षांत यंत्र एकदाही बिघडलं नाही?"

बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"बिघडलं होतं एकदा," त्या हळूच म्हणाल्या. "सरांना माहीत नाही. इथल्याच एकाकडून करून घेतलं."

"तुमचा स्वतःचा मिस्त्री असताना?"

"त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फोनवर सगळा वेळ तेच बोलत बसले असते."

अधिकारीबाई हसल्या नाहीत. त्यांनी नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. या वेळी तिथे बाईंनी काहीच लिहिलेलं नव्हतं. धीर झाला नव्हता. "हे मोकळं ठेवून चालत नाही," त्या म्हणाल्या आणि पेन पुढे केलं. बाईंनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो. मग शिक्का पडल्याचा आवाज आला. एकला चार मिनिटं कमी होती.

बाहेर आल्यावर पहारेकऱ्यानं दाभणं परत दिली. मी लिहिलेलं बाईंनी खिडकीशी वाचलं असावं, कारण पुढच्या रविवारी चारला पाच कमी असताना त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा ना, सर." मी काम असल्याचं सांगून पळालो.

होकार तीन आठवड्यांत आला. मिस्त्री आले, ते सामान पुढच्या खोलीत टाकून तडक मशीनच्या खोलीत घुसले. ताई म्हणाल्या, "घ्या. पहिल्या पावलाला सवतीकडे गेला." दहा मिनिटांनी आतून आवाज आला, "हा बोल्ट कोणी लावला? हा माझा नाही." बाईंना सगळं सांगावं लागलं. मिस्त्री दिवसभर रुसून बसले होते, असं ताई सांगत. बोल्टवर रुसले की आपल्याला कळवलं नाही म्हणून, ते ताईंनाही उलगडलं नाही. संध्याकाळी मात्र बाईंनी त्यांना खळ ढवळायला बसवलं आणि ते निमूट बसले.

ते नव्वद दिवस मी रविवारी जायचो तेव्हा तिथे फारसं काही घडत नसे. बाई शिवत, मिस्त्री कुठेतरी काहीतरी घासत. ताईंना उठता-बसता यावं म्हणून त्यांनी खुर्चीला लोखंडी हात आणि चाकं लावून दिली. त्यानंतर ताई खोलीभर फिरत आणि दोघांच्या मधे येत. मिस्त्रींची भाषा तशीच राहिली. "मी जरा बाहेर जाऊन येते," म्हणून सहा फुटांचा माणूस निघाला की गल्लीतले छापखानेवाले मान खाली घालून हसत.

पंच्याऐंशीव्या दिवशी ठरलं. आता मिस्त्रींनी बोलवायचं आणि बाईंनी पर्यटक म्हणून तिकडे जायचं, नव्वद दिवस. ताईंचं काय, हा प्रश्न निघाला तेव्हा ताईच म्हणाल्या, "मला काय, चार घड्या घालून बॅगेत ठेवा." मिस्त्रींनी दोन अर्ज भरले. मिस्त्री परतले आणि पाच-सहा आठवड्यांत दोघींचे व्हिसा आले. त्याआधी अर्जाचे कागद सुटे पाठवायचे म्हणून बाईंनी ते दिवसभर हाताळले नव्हते. ताईंनीच पाकिटात घातले होते.

दोघींच्या त्या नव्वद दिवसांना आता चार वर्षं झाली. तिकडे त्यांनी सह्या करून लग्न केलं. ताईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याची फाइल चौथा खंड म्हणून शिवून झाली आहे, असं त्यांनी पत्रात कळवलं. ताईच लिहितात, वर्षातून दोनदा. बाई पत्राच्या शेवटी फक्त नाव लिहितात. मी फोन केलेला नाही. करून काय बोलायचं ते सुचत नाही.

बाई निघायच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो, शब्दकोशाचा दुसरा खंड आणायला. पुठ्ठा नुकताच चढवलेला होता. नव्वद दिवसांचाच प्रश्न आहे असं मी धरून चाललो होतो, त्यामुळे निरोपाचं काही मनात नव्हतं. बाईंनी पुस्तक जुन्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"ओलं आहे, सर. उद्या दुपारपर्यंत उघडू नका. वर वजन ठेवा."

"किती?"

"घरात काय आहे?"

मी आठवून बघितलं. "इस्त्री आहे."

"चालेल. पण गार असू द्या."

"गारच असते," मी म्हटलं.